हललेला फोटो

१

भिंगताईने कॅमेरा घेतला त्याला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिने मुंगीपासून चंद्रापर्यंत सगळ्यांचे फोटो काढले, पण नवऱ्याचा एक धड फोटो काही तिला काढता आला नव्हता.

भिंगताई हे तिचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ती सव्वीस वर्षं भिंगं घासत होती. नंबर तपासायचा, काच चढवायची, कड घासायची, फ्रेममध्ये बसवायची. दुकानातल्या मुलींनी थट्टेने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं मशीन, कापायचं टेबल आणि कापडांचे ढीग. त्याला सगळं जग मास्तर म्हणायचं, आणि चारचौघांत तीही मास्तरच म्हणायची.

मास्तर म्हणजे पायाला भिंगरी लावलेला माणूस. बसले तरी पाय मशीन चालवल्यासारखे हलणार, जेवताना मांडी हलणार, झोपेत पायाचा अंगठा हलणार. लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड खांबासारखं उभं आणि नवरदेव तेवढा हललेला. "या पोराला एका जागी गाठायचं म्हणजे यमाचीसुद्धा दमछाक होईल," असं सासूबाई म्हणायच्या.

गेल्या वर्षी मास्तरांचे थोरले भाऊ गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधायला घेतला तर घरात एकही सापडेना. शेवटी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून आणला. भिंतीवर लागला तो नुसता ठिपक्यांचा ढीग. त्याला दीर म्हणायला तिची जीभ रेटेना. त्या दिवशी मास्तर भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिच्या मनात आलं, उद्या या माणसाचंही असंच झालं तर? एवढा संसार करून आपल्या हातात काय राहणार, एक धुरकट डाग?

पुढच्या महिन्यात तिने कॅमेरा घेतला. कारण कुणालाच सांगितलं नाही. छंद म्हणून घेतला म्हणाली, आणि गंमत म्हणजे पंधरा दिवसांत तो खरोखरच छंद झाला. रविवारी सकाळी ती फोटोमंडळात जायची. तिथले सर, म्हणजे एका वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले छायाचित्रकार, दर आठवड्याला एक नवीन तंत्र शिकवायचे. शिकली की भिंगताई त्या तंत्राने जे दिसेल त्याला झोडपून काढायची. टोमॅटोच्या देठाचे चाळीस फोटो, नळाच्या थेंबाचे दोनशे. मास्तर म्हणायचे, "बाई, नळ बंद करा आता, थेंब लाजतोय."

महिन्याभरावर मंडळाचं प्रदर्शन होतं. विषय होता, 'आपलं माणूस'. विषय ऐकताच ती खुर्चीतल्या खुर्चीत उडाली. ठरलं, लावायचा तर मास्तरांचाच फोटो, आणि तोही असा की एक एक पापणी मोजता यावी.

२

पहिल्या रविवारी सरांनी पॅनिंग शिकवलं. सायकलवाला डावीकडून उजवीकडे निघाला की कॅमेराही त्याच्याच वेगाने तसाच फिरवायचा आणि फिरवता फिरवता बटण दाबायचं. कॅमेऱ्याबरोबर जो सरकतो तो स्वच्छ येतो. जो उभा असतो, म्हणजे झाडं, दुकानं, खांब, त्याच्या आडव्या रेघा होतात.

"म्हणजे पळणारा स्थिर आणि थांबलेला पळतोय!" भिंगताई म्हणाली.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "आमच्या धंद्यात सगळं उलटंच असतं."

तिला वाटलं, हेच आपल्या मास्तरांचं औषध. दुपारपर्यंत ती चौकात उभी राहून सायकलींवर कॅमेरा फिरवत होती. कंबर दुखायला लागली, पण उत्साह काही उतरेना. घरी आल्यावर जेवायच्या आधी फोटो बघायला बसली. साठ फोटोंतले चोपन्न फुकट गेलेले, पाच बरे. आणि एक बघून ती "अहो!" म्हणून ओरडली.

सायकलवाला जरा हललाच होता. मागची दुकानं रेघा रेघा होऊन वाहून गेली होती. पण त्या रेघांमध्ये, फुटपाथवर, एक माणूस उभा होता, आणि तो लख्ख आला होता. पाठमोरा, हात सरळ खाली, पाय जोडलेले, अंगात करड्या रंगाचा बारीक रेघांचा शर्ट. शर्टाची रेघ न् रेघ दिसत होती.

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. उभा माणूस असा येऊच शकत नाही. यायचा तर तो कॅमेऱ्याबरोबर सरकायला हवा. पण पाय जोडून सरकणार कसा?

सरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "अहो, चाकं लावलेल्या फळीवर असेल, हातगाडीवर असेल, काही सांगता येत नाही. असे फोटो ठरवून येत नाहीत, जपून ठेवा."

ती खूश झाली. चौकात हातगाडी एकही नव्हती हे तिला आठवत होतं. पण लाख मोलाचा फोटो हातात असताना शंका काढत बसायला ती काही दुधखुळी नव्हती.

३

दुसऱ्या रविवारी काळी काच. कॅमेऱ्याच्या तोंडावर गडद काच चढवली की आत उजेड थेंबाथेंबाने येतो, म्हणून शटर मिनिटं मिनिटं उघडं ठेवता येतं. तेवढ्या वेळात समोरून जो कोणी चालत जातो तो फोटोत उमटतच नाही. थांबलेलं तेवढं राहतं.

भर दुपारी ती बसच्या अड्ड्यावर गेली. प्रतीक्षागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक येत होते, जात होते, बाकावर टेकले की लगेच उठत होते, पिशव्या ओढत होते, तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग मुंगीच्या पावलांनी का होईना पुढे सरकत होती. तिने कोपऱ्यात ट्रायपॉड लावला, काच चढवली आणि चार मिनिटं एक डोळा घड्याळावर आणि एक रांगेवर ठेवून उभी राहिली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला तेव्हा तिने टाळीच वाजवली. शेजारच्या बाईने दचकून मूल जवळ ओढलं. अख्खं प्रतीक्षागृह रिकामं! नुसती बाकं, फरशी आणि खिडक्यांतून आलेला उजेड. दोनशे माणसं फुंकर मारल्यासारखी गेली होती.

एक सोडून. तिकिटाच्या खिडकीजवळ तो उभा होता. तोच करडा शर्ट. आता पाठमोरा नव्हता, तिरका दिसत होता. गाल, कान आणि शर्टाची सहा बटणं. ती बटणं तिने मोजली.

तिने मान वर करून खिडकीकडे बघितलं. तिथून रांग वळत होती. ज्या फरशीवर तो उभा होता तिच्यावरून गेली चार मिनिटं माणूस मागून माणूस पाय टाकत गेला होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मानेवरून एक गार झुळूक गेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला सांगा, त्याच्या दसपट तिला आनंद झाला. पॅनिंगमध्ये स्वच्छ यायला सरकावं लागतं, तर हा सरकला. काळ्या काचेत उमटायला थांबावं लागतं, तर हा थांबला. प्रत्येक तंत्राला जे हवं ते हा माणूस बरोबर करत होता. असं मॉडेल पैसे मोजूनही मिळत नाही!

संध्याकाळी तिने दोन्ही फोटो छापून आणून मास्तरांसमोर ठेवले. मास्तरांनी माणसाकडे बघितलंच नाही. त्यांची नजर पडली ती शर्टावर.

"कॉलर बघ कशी वळवलीय," ते म्हणाले. "हे कारखान्याचं काम नव्हे. अशी कॉलर वळवणारा मी एकटाच उरलो असं मला वाटत होतं. कोण लेकाचा आहे हा शिंपी?"

"ते जाऊ द्या. माणूस बघा ना!"

"माणूस काय, माणसासारखा माणूस. शर्ट मात्र झकास आहे. हे बघ, असलंच कापड माझ्याकडे पडलंय. तुझ्या प्रदर्शनाच्या फोटोला मी असाच शर्ट शिवतो. आयुष्यभर दुसऱ्यांना नटवलं, एकदा आपण नटू."

भिंगताईला भरून आलं. या माणसाने तीस वर्षांत स्वतःसाठी एक रुमालसुद्धा शिवला नव्हता.

४

स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. हात वर केला की खांदा उचलतो, मान वाकवली की पाठ ताणते. म्हणून मास्तरांनी गळ्यातली पिवळी टेप तिच्या हातात दिली. "मी उभा राहतो, तू घे आणि चिठ्ठीवर लिही."

उभं राहणं त्यांच्या परीने. डावा पाय ताल धरून होता, मान दाराकडे वळत होती. भिंगताई टेप लावत होती, आकडा वाचत होती, लिहीत होती. पण खरं सांगायचं तर तिचं लक्ष तिथे नव्हतं. टेबलावर तो बसच्या अड्ड्याचा फोटो तसाच पडला होता आणि तिची नजर पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जात होती. पुढच्या रविवारी कोणतं तंत्र, तो येईल का, आला तर समोरून दिसेल का. छाती, खांदा, बाही, गळा. फोटोकडे बघत बघत तिने आकडे लिहिले.

मास्तरांनी चिठ्ठी मशीनच्या खिळ्याला टोचली आणि दुसऱ्याच दिवशी कापड बेतलं. दुसऱ्याच्या हातची चिठ्ठी असली की ते ती पुन्हा तपासत नसत. त्यांच्या धंद्यातला तो नेमच होता. माप घेणाऱ्याने घ्यायचं, कापणाऱ्याने कापायचं, मध्ये शंका काढली की कात्री अडखळते.

त्या आठवड्यात तिने त्यांचे शिवतानाचे फोटो काढून बघितले. या खेपेला शटर तिने एका सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं होतं. एवढ्या वेगात उडत्या माशीचे पंखसुद्धा थिजतात.

फोटोत सुई थिजली होती. खाली येता येता मध्येच थांबलेली, धाग्याचा तंतू न् तंतू दिसणारी. आणि सुईमागचे मास्तर हललेले होते, नेहमीपेक्षाही जास्त. चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा पट्टा.

"तुमच्यापुढे हात टेकले बाई मी," ती म्हणाली आणि हसली. पण हजारावा भाग! तिने वीस फोटो काढले. विसांतही सुई स्वच्छ होती.

५

तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "आज मुद्दाम बिघडवायचं." लेन्सचा फोकस अगदी जवळ, हातभर अंतरावर लावायचा आणि लांबचं दृश्य टिपायचं. मग लांबचे दिवे फुगून मोठमोठे रंगीत गोळे होतात.

दिवेलागणीला ती खिडकीत उभी राहिली. खाली रस्त्यावर वाहनांची गर्दी होती, सिग्नल होता, दुकानांच्या पाट्या उजळल्या होत्या. मागे मास्तरांचं मशीन चालू होतं. शर्टाला बाह्या जोडल्या जात होत्या. तिने फोकस हातभर अंतरावर आणला, बटण दाबलं आणि पडदा बघितला.

लाल गोळे, पिवळे गोळे, हिरवे गोळे. रस्ता विरघळून गेला होता. समोरच्या फुटपाथवर, त्या गोळ्यांच्या मधोमध, तो होता. तोंड आता खिडकीकडे वळलं होतं, पण दुकानाच्या छपराची सावली पडल्याने चेहरा दिसत नव्हता. शर्ट दिसत होता. बाहीची शिवण दिसत होती.

भिंगताई खाली बसली. तिचं डोकं भरभर चालू लागलं, कारण हा तिचा प्रांत होता. एकाच भिंगात दोन नंबर असतात, लांबचा आणि जवळचा. तसले चष्मे ती रोज घासायची. कुणास ठाऊक, तिच्या लेन्सलाही तसाच दोष असेल. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने लेन्स यंत्राखाली धरून कडेकडेने, मधोमध, सगळीकडून तपासली. नंबर एकच होता. काच निर्दोष होती.

मग उरतं काय? भिंग खोटं बोलत नाही. फोकस हातभर अंतरावर असेल तर स्वच्छ दिसणारी गोष्ट हातभर अंतरावरच असते. म्हणजे तो समोरच्या फुटपाथवर नव्हता, खिडकीच्या आत होता, तिच्या नाकासमोर. आणि फोटोत तो जेवढा दिसत होता त्यावरून हातभर अंतरावरचा तो माणूस बोटाच्या पेराएवढा असायला हवा होता.

हे गणित तिने कागदावर मांडलं, बघितलं आणि एकटीच खो खो हसली. मग कागदाचे बारीक तुकडे करून टाकले.

हा फोटो तिने मास्तरांना दाखवला नाही. मंडळात मात्र तिन्ही फोटो गाजले. लोक उठून उठून बघायला आले. सर म्हणाले, "ताई, तुमचा हात बसला." त्या रात्री कौतुकाने तिला झोप आली नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

६

शर्ट झाला. मास्तरांनी घालून बघितला आणि आरशासमोर दोनदा फिरून स्वतःला न्याहाळलं.

खांदे उतरले होते. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. आयुष्यात ज्याने कुणाची बाही अर्ध्या बोटाने चुकवली नाही तो माणूस स्वतःच्याच शर्टात बुडाला होता.

त्यांनी खिळ्याची चिठ्ठी काढली, शर्टाला टेप लावली. आकडे तंतोतंत जुळत होते.

"अक्षर तुझंच आहे ना?" ते म्हणाले.

"माझंच."

"मग माप कुणाचं घेतलंस, बाई?" ते हसत होते, पण हसता हसता त्यांनी टेबलावरच्या त्या फोटोकडे एकदा बघितलं. तिनेही बघितलं.

फोटो द्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता. "बाह्या आत दुमडू," ती म्हणाली, "टाचण्या लावू, मागून कापड खेचून धरू. समोरून कोणाला कळणार आहे?" मास्तर कुरकुरले, "शिंप्याच्या अंगात टाचण्या, काय दिवस आले!" आणि तयार झाले. तिचा उत्साह मोडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

सरांनी तिला सल्ला दिला होता. "पळणाऱ्याला झटक्यात पकडायला गेलात, जमलं नाही. आता उलटं करा. काळी काच लावा, अर्धं मिनिट शटर उघडं ठेवा आणि त्यांना सांगा की शांत व्हा. माणूस आपणहून थांबला की चेहरा खुलतो."

सकाळचा उजेड पुढच्या खोलीत पसरला होता. तिने कापडांचे ढीग सरकवले, भिंतीला पांढरी चादर लावली, स्टूल ठेवलं. दाराला हवेसाठी बोटभर फट ठेवली. मास्तर बसले. गळ्यात पिवळी टेप तशीच.

"ती तरी काढा."

"राहू दे गं. टेप नसली की मला उघड्यावर बसल्यासारखं वाटतं."

तिने बाह्या दुहेरी दुमडल्या, टाचण्या लावल्या, त्यांचे केस सारखे केले. जवळून बघितलं तर डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. "काय हो?" तिने विचारलं.

"काही नाही. दादा आठवला. त्याचा असा एक असता तर बरं झालं असतं." मग ते नेहमीसारखे झाले. "चला बाई, दाबा बटण. हललो तर बोलू नका."

"अर्धं मिनिट. माझ्यासाठी एवढंच करा. अजिबात हलू नका."

तिने बटण दाबलं आणि मनात आकडे मोजायला लागली. त्यांचा डावा पाय फरशीवर टकटक करत होता. सात. आठ. नऊ. आणि अकराव्या आकड्याला पाय थांबला.

टकटक थांबली, मांडी थांबली, बोटं थांबली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला या खोलीतल्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. मास्तर दगडासारखे बसले होते. बाहेर जिन्यात कुणीतरी घाईघाईने खाली उतरत होतं, टक टक टक, तिला वाटलं वरच्या मजल्यावरचं कुणी असेल. तिला नाचावंसं वाटत होतं. वीस. पंचवीस. जमलं! बाई गं, जमलं!

तीस.

७

पडद्यावर फोटो उमटला. किती सुरेख होता! उजेड गालावरून उतरत होता, एक एक पापणी वेगळी होती. करड्या शर्टाची रेघ न् रेघ, सहा बटणं, वळवलेली कॉलर. बाह्या मनगटाशी बरोबर येऊन थांबल्या होत्या. खांदे खांद्यांवर बसले होते.

तिने फोटो मोठा केला. दुमड कुठेच नव्हती. टाचणी नव्हती. गळ्यात टेप नव्हती.

चेहरा मास्तरांचाच होता. पण मास्तरांचा शिवतानाचा चष्मा तिनेच बनवला होता आणि त्याची एक काडी नेहमी वाकवावी लागायची, कारण त्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा खाली होता. फोटोतल्या माणसाचे दोन्ही डोळे एका रेषेत होते.

तिने फोटोची डावी कड बघितली. स्टुलापासून दारापर्यंत, चादरीवरून, एक धुरकट पट्टा गेला होता. माणसाच्या उंचीचा. त्याच्या वरच्या भागातून एक पिवळी रेघ लहरत जात होती आणि दाराच्या बोटभर फटीत शिरत होती.

"आला का नीट?" स्टुलावरून आवाज आला. आवाज अगदी तसाच होता.

भिंगताईने मान वर केली नाही. "बघते हं," ती म्हणाली. कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला, काळी काच काढून खिशात टाकली, आणि स्टुलाकडे पाठ करून दाराबाहेर पडली.

जिन्यात कुणी नव्हतं. तिने शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं आणि रिकाम्या जिन्याचा फोटो काढला. खालच्या वळणावर पिवळी रेघ होती. ती धावली. पायात चपला नव्हत्या. मधल्या मजल्यावर पुन्हा फोटो काढला, तेव्हा रेघ खाली, रस्त्यावरच्या दारात होती. रस्त्यावर आली तर सकाळची गर्दी, कामाला निघालेले लोक, शाळेची मुलं. तिने कॅमेरा हातभर पुढे धरला आणि फिरत फिरत फोटो काढू लागली. एक, दोन, पाच. सगळे लोक हललेले, सगळा रस्ता हललेला. आणि त्यात, हो, तिथे, दुकानाच्या पायरीजवळ ती पिवळी रेघ थबकायला लागली होती. फिकट होत होती.

"थांबू नका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "अहो, ऐका माझं! हलत राहा! पाहिजे तेवढं हला!"

लोक वळून बघू लागले. एका म्हाताऱ्याने तिला हात दाखवून बाजूला व्हायला सांगितलं. ती रडत होती आणि त्याच वेळी हसतही होती, कारण पुढच्या फोटोत रेघ पुन्हा गडद झाली होती. त्याच्या पुढच्या फोटोत ती तिच्या दिशेला वळली होती. त्याच्या पुढच्या फोटोत रस्ता नव्हताच, दुकानं नव्हती, माणसं नव्हती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसतं धुरकट आणि मधोमध पिवळं. एवढं जवळ.

तिने कॅमेरा खाली घेतला. समोर काहीच नव्हतं. तिने हात पुढे केला, हातभर अंतरावर. बोटांना काहीतरी लागलं. कोमट आणि सारखं थरथरणारं, मशीन चालू असताना टेबलावर हात ठेवला की लागतं तसं.

"अगं," वरून खिडकीतून हाक आली. प्रेमाने मारलेली, अगदी तशीच. "वर ये ना. केव्हाचा बसलोय मी तसाच. हललोसुद्धा नाही."

तिने वर बघितलं नाही. बोटं घट्ट मिटली. ज्या माणसाला ती तीस वर्षं एक क्षण थांबा म्हणत आली होती, तो आता क्षणभर जरी थांबला तर हातातून जाणार होता, एवढं तिला कळलं. बाकी काही कळायची तिला गरज नव्हती.

"चला," ती हलकेच म्हणाली. "मी आहे बरोबर."

आणि अनवाणी पायांनी ती गर्दीतून चालू लागली, भराभर, कुठेही न थांबता. पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. ती वळली, दुसऱ्या रस्त्याला लागली आणि चालत राहिली.